भाऊबीजेसाठी डांगराचा केक, पहिल्यांदाच ओव्हन लावणाऱ्यांसाठी

भाऊबीजेला आत्या, मामा, जावई, पोरंटोरं अशी पंधरा-वीस माणसं एका घरात जमली की चिवडा-चकली असतेच, पण तोपर्यंत करंज्या-शंकरपाळ्यांकडं कोण ढुंकून पण बघत नाही, सगळ्यांना तळणाचा कंटाळा आलेला असतो. अशा वेळी तांबड्या भोपळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या डांगराचा, गूळ घातलेला केक कापला तर ताट रिकामं व्हायला वेळ लागत नाही. आणि हा केक अवघड नाहीये. ज्या घरात घारगे होतात त्या घरात निम्मी तयारी झालेलीच असते कारण भोपळा, गूळ, कणीक, वेलची सगळं तेच. फरक फक्त एक आहे आणि तो नीट समजून घ्या. घारग्यात भोपळ्याचं पाणी जास्त झालं की आपण मूठभर कणीक वाढवतो आणि विषय संपला. केकमध्ये तसं करता येत नाही, पीठ वाढवलं की सोडा, गूळ, तेल सगळ्याचं गणित बिघडतं आणि वीट तयार होते. म्हणून केकमध्ये पाण्याचा बंदोबस्त आधीच करायचा, भोपळा शिजवतानाच. खाली मी सगळ्यात जास्त त्याच्यावरच बोलणार आहे, बाकीचं पटपट.

एक गोष्ट आधीच सांगते, नेटवर पम्पकिन केक, पम्पकिन पायचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात, तिकडं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो त्याची ती धांदल. ती लोकं डब्यातला तयार गर वापरतात आणि तो गर मुळातच घट्ट असतो. गंमत म्हणजे त्या डब्यात जायचा भोपळा बहुतेक वेळा तिकडं कोरून दिवा करतात तो गोल केशरी नसतोच, फिक्कट सालीची वेगळी जात असते, आणि ती आपल्या मंडईतल्या बऱ्याचशा तांबड्या भोपळ्यांच्या कुळातलीच आहे. म्हणजे चवीला आपला भोपळा कुठं कमी पडत नाही, फक्त आपण घरी शिजवलेला गर पातळ असतो आणि तो तसाच एक कप मोजून घातला की केक मधोमध बसतो. मग लोकं म्हणतात ओव्हन खराब आहे. ओव्हन बरा असतो हो.

दुसरं, त्या व्हिडिओत ३५० डिग्री म्हणतात ते फॅरनहाइट. आपल्या ओटीजीवर, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनवर, सेल्सिअस असतं, तिथं ३५० म्हणजे १७५. आणि त्यांचा कप २४० मिलीचा, आपली आमटीची वाटी नव्हे. मी खाली ग्रॅममध्येच देते, घरात छोटा वजनकाटा नसेल तर शेजारी विचारा, दिवाळीत कुणाकडं तरी असतोच. चमच्याचं पण तसंच, टीस्पून म्हणजे ५ मिली, पोह्याचा चमचा त्याच्यापेक्षा मोठा असतो आणि पोह्याच्या चमच्यानं सोडा घातला तर केकला साबणासारखी चव येते, तिथं अंदाज नको.

भोपळा कसा घ्यायचा

आठवडी बाजारात किंवा मंडईत फोडी कापून ठेवलेल्या असतात ते एका अर्थानं बरंच, आतलं दिसतं. गर गडद केशरी पाहिजे, फिक्कट पिवळा असला तर तो भाजीला ठीक आहे, केकला त्याच्यात ना रंग ना गोडी. फोडीच्या कापलेल्या बाजूवर पाणी सुटून चकाकत असेल आणि मधला बियांचा भाग चिकट, सैल झाला असेल तर ती सकाळपासून किंवा कालपासून पडलेली आहे, दुसरी मागा. बिया भरलेल्या, टणक असल्या की भोपळा पक्का झालेला. अख्खा घेत असाल तर देठ वाळलेला बघा आणि सालीत नख रुतता कामा नये. पावसाळ्यातले भोपळे दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी पिकलेले मिळतात, आणि गावाकडनं कुणी आणून दिला, माळ्यावर महिनाभर ठेवलेला, तर सगळ्यात भारी. अख्खा भोपळा कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो आणि ठेवलेल्याची गोडी वाढते. कापला की मात्र दोन-तीन दिवसांत उरकायचा, तो पण फ्रिजमध्ये.

एका केकला सालीसकट ६०० ते ७०० ग्रॅमची फोड घ्या. त्यातनं साल, बिया आणि पाणी जाऊन २५० ग्रॅम घट्ट गर हातात राहतो, एवढाच लागतो. बिया टाकू नका, धुवून पंख्याखाली वाळवून ठेवा, वर लावायला होतील.

पाणी काढायचं काम

इथं घाई नको. कुकरला पाणी घालून तीन शिट्ट्या ही आपली सवय, पण त्यानं भोपळा पाणी पिऊन बसतो. ओटीजी असेल तर फोडीचे मोठे तुकडे करून साल तशीच ठेवून, कापलेली बाजू खाली करून ट्रेवर ठेवा आणि २०० डिग्रीला ४० ते ४५ मिनिटं भाजा. सुरी लोण्यात जाते तशी गेली पाहिजे. कडेला जरा करपल्यासारखे डाग पडतील ते चांगलेच, तिथं साखर भाजलेली असते. गार झाल्यावर साल हातानं निघते.

ओटीजी नसेल तर कुकरच्या डब्यात साल काढलेल्या फोडी ठेवा, डब्यात पाणी अजिबात नाही, फक्त खाली कुकरमध्ये, आणि डब्यावर झाकण ठेवा म्हणजे वाफेचं पाणी आत पडणार नाही. झाल्यावर चाळणीत ओतून अर्धा तास निथळत ठेवा. खाली जे केशरी पाणी जमेल ते आमटीत घाला.

मग मिक्सरला फिरवा, पाणी न घालता, फिरत नसेल तर थांबून चमच्यानं खालीवर करा पण पाण्याचा मोह टाळा. हा गर जाड बुडाच्या कढईत काढून मंद गॅसवर हलवत राहा, हलवा करताना आटवतो तसंच. दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं, भोपळ्यावर आहे. चटके उडतात, लांब दांड्याचा उलथणा घ्या आणि पोरांना लांब ठेवा.

झालं कधी समजायचं? एक चमचाभर गर ताटलीत ठेवा आणि पाच मिनिटं विसरून जा. गराच्या कडेनं पाण्याचं कडं सुटलं तर परत कढईत. कडं सुटलं नाही, गर ठेवला तसा उभा राहिला, की झालं. हे एवढं केलं की पुढचं बहुतेक टेन्शन संपतं. असा गर फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस राहतो म्हणून हे काम लक्ष्मीपूजनाच्या आधीच उरकून टाका, त्या दिवशी संध्याकाळी कुणाला भोपळा ढवळायला वेळ असतो.

साहित्य

केकचा एक किलोचा टिन किंवा आठ इंची चौकोनी टिन, त्याचं हे माप. घट्ट गर २५० ग्रॅम, किसलेला किंवा चिरलेला गूळ १६० ग्रॅम, बिनवासाचं तेल १०० मिली (सूर्यफूल चालतंय, शेंगदाण्याचं घाण्याचं तेल नको, त्याचा वास भोपळ्याला खाऊन टाकतो), दही १२० ग्रॅम, कणीक १२० ग्रॅम आणि मैदा १२० ग्रॅम. बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. दूध लागेल तसं, पाव कप बाजूला काढून ठेवा. नुसत्या कणकेचा पण होतो पण जरा दडदडीत होतो, पहिल्या वेळेला निम्मं-निम्मंच करा. दही घातल्यामुळं अंडं लागत नाही, आणि घरात कोण खातं कोण नाही हा प्रश्न भाऊबीजेला काढायचाच कशाला. अंडी चालत असतील तर दह्याऐवजी दोन अंडी घाला, मग सोडा पाव टीस्पूनच.

मसाल्यात तिकडची लोकं दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घालतात आणि दालचिनी दाबून घालतात. मी म्हणेन आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जायफळ-वेलची ओळखीची आहे, पुरणात तीच असते, म्हणून दालचिनी पूड अर्धाच टीस्पून, सुंठ अर्धा, वेलची अर्धा, जायफळ पाव आणि लवंगेची पूड अगदी चिमूट. दालचिनी जास्त झाली की आजी एक घास खाऊन मसालेभातासारखं लागतंय म्हणते आणि मग कोणी खात नाही.

बेदाणे मात्र पाहिजेतच. सांगलीत राहून केकमध्ये बेदाणे कमी घालायचे म्हणजे काय, तासगावचा बेदाणा देशभर जातो, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय. ५० ग्रॅम घ्या, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून फडक्यावर कोरडे करा आणि चमचाभर मैद्यात घोळवा. कोरडे म्हणजे कोरडे, परत पाणी आत नको. अक्रोड असले तर ५० ग्रॅम, नसले तर काजूचे तुकडे.

आणि सांगली म्हटलं की हळद, म्हणून कुणी रंगासाठी चिमूटभर हळद घालायला जाईल तर थांबा. हळद आणि सोडा एकत्र आले की पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो, कुंकू हळदीला चुना लावूनच करतात ना तोच प्रकार. नीट पिकलेला भोपळा असेल तर रंगाला काही लागत नाही.

आता केक

आधी ओटीजी लावा. १७५ डिग्री, वरखाली दोन्ही रॉड चालू, पंधरा मिनिटं रिकामा तापू द्या. त्याला जाड पिनचा पॉवर प्लग लागतो, मिक्सरच्या साध्या प्लगला किंवा लांबच्या एक्स्टेन्शनला लावू नका, वायर तापते. आणि त्याच वेळी गिझर नको, जुन्या वायरिंगच्या घरात फ्यूज उडतो आणि मग सगळं घर तुमच्याकडं बघतं.

टिनला आतून तेल लावून बुडाला बटर पेपर टाका. बटर पेपर नसेल तर तेल लावून वर मैदा भुरभुरवा आणि जास्तीचा झटकून टाका.

गर फ्रिजमधनं काढलेला असेल तर कोमट करून घ्या आणि त्यात गूळ मिसळा, विरघळतो. उकळता नको, कोमटच. गूळ गरम दुधात विरघळवायला जाऊ नका, दूध फाटतं. गूळ विरघळला की गर सैल दिसायला लागतो, घाबरू नका, ते गुळाचं आहे, मापात धरलंय. हे मिश्रण एकदा जाड चाळणीतनं काढा कारण गुळात उसाच्या चिपाडाची बारीक काडी किंवा खडा निघतो, पाव्हण्याच्या दाताखाली यायला नको. पूर्ण गार झालं की तेल आणि घोटलेलं दही घालून एकजीव करा.

दुसऱ्या भांड्यात कणीक, मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, मसाले दोनदा चाळा. कणकेचा वर राहिलेला कोंडा परत आतच टाका.

आता कोरडं ओल्यात, दोन वेळेला. इथं हात आवरायचा. आपल्याला पीठ दिसलं की मळायची नाहीतर घोटायची सवय असते पण इथं जितकं घोटाल तितका केक चिवट होणार. उलथण्यानं तळातनं वर, तळातनं वर, आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतंय. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट पाहिजे, चमच्यानं उचललं तर गचकन पडलं पाहिजे, वाहायला नको. फारच घट्ट वाटलं तरच दूध, एकेक चमचा. शेवटी बेदाणे-अक्रोड, दोन वेळा हलवलं की पुरे.

हे झालं की टिनमध्ये ओतून लगेच आत. दही-गूळ आणि सोडा भेटले की बुडबुडे सुरू होतात, ते ओव्हनमध्ये व्हायला पाहिजेत, ओट्यावर नाही. म्हणून दोन केक करायचे असतील आणि ओटीजीत एकच टिन मावत असेल तर दुसऱ्याचं ओलं आणि कोरडं वेगवेगळं तयार ठेवा, पहिला बाहेर आला की मगच मिसळा. वीस माणसांना फराळासोबत एक केक जेमतेम पुरतो, दोन करा असं माझं मत. एकच मोठा ट्रे करायचा विचार असेल तर आधी ओटीजीत तो ट्रे रिकामा घालून बघा, दार लागतंय का, छोट्या ओटीजीत लागत नाही.

वर भोपळ्याच्या बिया भुरभुरवा, सोललेल्या असतील तर छान. मधल्या फळीवर टिन ठेवा. पहिली तीस मिनिटं दार उघडायचं नाही, पोरं काचेतनं बघू देत. चाळीस मिनिटांनी सुई किंवा टूथपिक मधोमध घालून बघा. ओलं पीठ चिकटून आलं तर अजून वेळ आहे, दोन-चार मऊ कण आले तर झाला. साधारण ४५ ते ५० मिनिटं धरा, प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा. गुळामुळं वरनं लवकर काळपट होतो, तसं वाटलं तर पस्तीस मिनिटांनंतर वर फॉइल अलगद ठेवा. मध्येच लाइट गेली तर दार बंदच राहू द्या, आत बराच वेळ धग राहते, दहा-पंधरा मिनिटांत आली तर केक वाचतो, फक्त वेळ वाढवा.

ओटीजी नसणाऱ्यांसाठी

कुकरमध्ये होतो पण मला जाड बुडाची मोठी कढई किंवा पातेलं जास्त पटतं, कोरडं तापवून कुकर खराब होतो. पातेल्यात दीड वाटी मीठ पसरा, वर स्टँड किंवा उलटी वाटी, घट्ट झाकण, मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवा. मग टिन ठेवून गॅस एकदम बारीक, ५५ ते ६५ मिनिटं. कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, पाणी थेंबभर नाही. झाकणावर वाफ जमून थेंब केकवर पडतात म्हणून झाकणाला आतनं फडकं बांधा, टोकं वर घेऊन गाठ मारा, गॅसकडं लोंबायला नकोत. वरनं तांबूस रंग येणार नाही, चवीला फरक नाही. ते मीठ नंतर जेवणात नको, बरणीत भरून पुढच्या केकला ठेवा.

बाहेर काढल्यावर

टिनमध्येच पंधरा मिनिटं, मग कडेनं सुरी फिरवून जाळीवर पालथा. गरम कापू नका, आतनं गिच्च लागतो आणि वाटतं कच्चा राहिला. खरं तर हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, मसाले मुरतात आणि ओलावा सारखा होतो, म्हणून पाडव्याला भाजा आणि भाऊबीजेला कापा. गार झाल्यावर झाकून ठेवायचा, कोमट असताना डब्यात घातला की आत घाम धरतो.

मधोमध खरंच कच्चा निघाला तर तो भाग फेकू नका, काप करून तव्यावर तुपात दोन्ही बाजूनं खरपूस भाजा. काही जणांना तोच प्रकार जास्त आवडतो.

वरच्या क्रीमसाठी तिकडं क्रीम चीज लावतात. आपल्याला चक्का आहे की! डेअरीतनं पाव किलो चक्का आणा, पिठीसाखर तीन-चार चमचे आणि वेलची घालून फेटा, केक पूर्ण गार झाल्यावर आणि वाढायच्या जरा आधी लावा. चक्का ताजा आणि घट्ट बघून घ्या, सुटा असला तर फडक्यात बांधून तासभर टांगा. अगदीच वेळ नसेल तर आयतं वेलची श्रीखंड पातळ थरात लावा, फक्त मग केकमधला गूळ २० ग्रॅम कमी करा नाहीतर गोडमिट्ट होतं. आणि गुळाचा आहे म्हणून शुगरवाल्या मामांना मोठा तुकडा देऊ नका, गूळ पण साखरच वाढवतो. त्यांना चक्का न लावलेला, लहानसा.

दिवाळीत हवा बरी असते तरी ओला केक आहे, बाहेर दोन दिवस, मग फ्रिज, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. चक्का लावलेला असेल तर लगेच फ्रिज. फ्रिजमधला थेट खाऊ नका, अर्धा तास बाहेर ठेवला की परत मऊ होतो. पुण्याला परत जाणाऱ्यांना बांधून द्यायचा असेल तर चक्का न लावलेले तुकडे बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून स्टीलच्या डब्यात उभे लावा, चिवड्याच्या पिशवीखाली तो डबा ठेवू नका म्हणावं, आणि डबा परत पाठवायला सांगा.